आपांचा कयास

मुरुमला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. ऐन वेळी लग्नघरातली पिठाची चाळण फाटली, कुणीतरी बाजारात जायला हवं होतं, तर मीच उठले. घराबाहेर पडायला मला निमित्त हवंच होतं. दुकानदारानं दोन चाळणी काढल्या, एकेक तळहातावर आपटून दाखवली. ताणलेल्या तारेच्या जाळीचा तो छन्न आवाज झाला आणि माझ्या तोंडून आपसूक शब्द गेला, “मुन्खुल.”

“काय म्हणला ताई?”

“काही न्हाय. बारीक जाळीचीच द्या.”

चाळण काखेत धरून मी लग्नघराकडं न जाता मागच्या बोळात शिरले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, जिल्ह्याचं नाव अजून उस्मानाबाद होतं तेव्हा, मी रोज संध्याकाळी या बोळातून जायची. एका बाजूला डाळमिल, तिचा पिवळा भुरका भुसा उन्हात तरंगत असायचा. दुसऱ्या बाजूला तेलाचा घाणा. करडईच्या ताज्या तेलाचा वास ओढणीला इतका बसायचा, की आई लांबूनच ओळखायची, पोरगी आपांकडून आली. आता मिल बंद आहे. घाण्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. आणि सकीना आपांच्या अंगणात, जिथं शहाबादी फरशीवर आम्ही चटया अंथरायचो, तिथं नर्सिंगच्या परीक्षेचे क्लासेस चालतात. फाटकापाशी मी थोडा वेळ उभी राहिले. आतून मुलींच्या पाठांतराचा आवाज येत होता, एका सुरातला, आणि तो मात्र परका वाटला नाही.

सकीना आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचे वडील हैदराबादला शिकून आलेले अरबीचे उस्ताद. त्यांनी आपलं सगळं व्याकरण या लेकीच्या ओंजळीत घातलं होतं. आपांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही विचारलं नाही. भाचा युसूफभाई आणि त्याची बायको जैतून भाभी यांच्याजवळ त्या राहायच्या. भाभींना सही करण्यापलीकडं अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला पापुद्रा असा सुटायचा, की आपा तो दोन बोटांत उचलून आम्हाला दाखवायच्या.

माझी आई कुराण रोज वाचायची, अर्थ एका शब्दाचा माहीत नव्हता. तिला वाटायचं, निदान मुलीला तरी कळावा. म्हणून मी आपांकडं गेले. माझ्याबरोबर गिरिजा आली. गिरिजा शेजारच्या आडत दुकानदाराची, लिंगायतांची, कपाळाला विभूती, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि कॉलेजात संस्कृत. ती फक्त सोबत म्हणून बसायला आली होती. आठवडाभरात तिच्यासाठी वेगळी चटई आली.

असरची, ऊन कलतानाची नमाज झाली की आपा बाहेर यायच्या. पांढरी ओढणी, कानामागं अत्तराचा बारीकसा फाया. आमच्याकडं लाकडी तख्त्या असायच्या. त्यांना मुलतानी माती फासून उन्हात वाळवायच्या, मग बोरूनं लिहायचं. ओल्या मातीचा, शाईचा आणि आपांच्या पानाच्या डब्यातल्या चुन्या-काताचा वास एकमेकांत मिसळायचा. आजही कुठं भिंत नुकती सारवलेली असली, की माझी बोटं आपोआप लेखणी धरल्यासारखी जुळतात.

पहिल्याच आठवड्यात आपांनी गिरिजाला विचारलं, “तुमच्या दुकानात हशील भरता ना?”

“भरतो की. बाजार समितीत.”

“अन् सरकारात काय भरता?”

“महसूल.”

“कुठं?”

“तहसीलात.”

“मग ऐक पोरी. हशील, महसूल, तहसील. तिन्हीत हाडं तीनच. ह, स, ल. हाडं तीच, अंगरखा निराळा.”

गिरिजानं तिन्ही शब्द बोटांवर मोजले. मग म्हणाली, “आपा, म्हंजे तहसीलदाराच्या पोटातच हशील बसलाय व्हय?” आपा पान थुंकायला उठल्या त्या हसत हसतच. त्या संध्याकाळी आम्ही दोघी बोळभर शब्द सोलत गेलो. नजर, मंजूर, नाझर. इल्म म्हणजे विद्या, त्यातलेच मालूम, तालीम. जिथं गावातली पोरं दंड-बैठका काढायची त्या तालमीत आपल्या तीन हाडांची विद्या दडलेली आहे, या शोधानं आम्ही दोघी वेड्या झालो होतो. रोजचीच भाषा होती. आपांनी तिला उजेडाकडं धरलं होतं.

अरबीत शब्दांचे साचे असतात, त्यांना वजन म्हणतात. करणाऱ्याचं एक वजन, ज्याच्यावर केलं त्याचं दुसरं, जागेचं तिसरं, हत्याराचं चौथं. हत्याराच्या शब्दाला पुढं बहुधा ‘मि’ लागतो. फतह म्हणजे उघडणं, जिंकणं. आपल्या मराठीतली फत्ते तीच. तर उघडायचं साधन मिफ्ताह, किल्ली. सुब्ह म्हणजे सकाळ. सकाळ करायचं साधन मिस्बाह, दिवा. वारा घालायचं साधन मिरवहा, पंखा. झाडायचं मिकनसा. आपा नुसतं क्रियापद सांगायच्या आणि बोट माझ्याकडं करायच्या. मी साचा लावून शब्द करायची. कधी न ऐकलेला शब्द, माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालेला, आणि आपा म्हणायच्या, “सही.” हजार-बाराशे वर्षांपूर्वी वाळवंटात कुणीतरी हाच शब्द असाच बोललं होतं.

“हे कसं झालं?” मी एकदा विचारलं.

“कयास,” आपा म्हणाल्या. “तुमी मराठीत म्हणता ना, कयास बांधला? तुमी अंदाजाला म्हणता. अरबीत कयास म्हंजे माप. एक शब्द ऐकलेला, पक्का. दुसरा त्याच्यासारखा. मग पयल्याचा कायदा दुसऱ्याला लावायचा. पण सारखेपणा दाखवावा लागतो. उगं न्हाय लावायचा.”

त्या सारखेपणावर त्यांचा फार जीव. अरबीत चालू काळाच्या क्रियापदाला एक नाव आहे, मुजारे. त्याचा अर्थच ‘सारखं दिसणारं’. ते नामासारखं दिसतं, म्हणून त्याला शेवटच्या स्वराचा बदल मिळतो, जो एरवी फक्त नामांचा मान. आपा हे सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा, एखाद्या सज्जन शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसा. “दिसतं सारखं, तर त्याला सारखं वागवलं. बघा, व्याकरणवाले किती मोठ्या दिलाचे.”

पण कयासाला त्यांनी कधी मोकाट सोडलं नाही. एकदा भाभी अंगणात पीठ चाळत होत्या. आपांनी विचारलं, चाळायच्या क्रियापदावरून चाळणीला काय म्हणाल? मी ताबडतोब साचा लावला, “मिन्खल.”

“कयासानं बरोबर. अन् तरीबी चूक. अरब मुन्खुल म्हणतात.”

“का?”

“तसं ऐकलंय.”

मग त्या बसरा आणि कूफा या जुन्या शहरांतल्या अरबी पंडितांची गोष्ट सांगायच्या. ती माणसं वाळवंटातल्या उंटवाल्यांच्या तंबूत जाऊन बसायची, कुणी काय म्हणतं ते कान देऊन ऐकायची. बसऱ्याचे लोक म्हणायचे, पुष्कळ तोंडांतून ऐकलं तरच त्यावर कायदा बांधू. कूफ्याचे म्हणायचे, एकानं म्हटलं तरी पुरे. आणि जे ऐकलं ते कायद्यात बसत नसेल, तर दोघंही ऐकलेल्यापुढं मान खाली घालायचे. सजदा करायच्या, कपाळ टेकायच्या जागेला कायद्यानं मस्जद म्हणायला हवं, पण जग मस्जिद म्हणतं. सूर्य उगवतो ती जागा मशरिक, मावळतो ती मगरिब. तेही नियमाबाहेरचे. “पूरबबी कायद्यात न्हाय, पश्चिमबी न्हाय,” आपा म्हणायच्या, आणि समोर डाळमिलच्या पत्र्यांमागं लाल झालेलं आभाळ असायचं.

त्या वर्षी करडई काढणीला आली होती. रानातून येणाऱ्या बायांच्या हातांना काट्यांसाठी चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. एका सकाळी भाभींची हाक आमच्या घरापर्यंत ऐकू आली. आपा न्हाणीपाशी पडल्या होत्या. युसूफभाईंनी टेंपो काढला, सोलापूरला नेलं.

परत आणल्या तेव्हा उजवा हात लोंबत होता, आणि शब्द गेले होते.

अंगणातल्या बाजेवर त्या बसायच्या. ऐकलेलं सगळं कळायचं. बोलायला तोंड उघडायच्या आणि आत काही सापडायचं नाही. बंद घराच्या दारात किल्ल्या चाचपणाऱ्या माणसासारखा चेहरा व्हायचा. साधं पाणी म्हणता येत नव्हतं. माझं नाव म्हणता येत नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याच्या बोलण्यातला एक स्वर हललेला चालवून घेतला नाही, त्या आपा रिकाम्या तोंडानं आमच्याकडं बघायच्या आणि मान वळवायच्या. चटया गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या. तख्त्यांवरची माती वाळून पापुद्र्यांनी सुटत होती.

मग एका दुपारी वीज गेली होती, त्या म्हणाल्या, “मि…मि…” घाम गळत होता. “मिरवहा.”

भाभी घाबरून माझ्याकडं वळल्या. “क्या बोलरे की, समजताच नै.”

मी कोनाड्यातला विणलेला पंखा उचलून आपांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या हातानं घट्ट धरला आणि रडायला लागल्या. मीही.

उर्दू गेली होती, दखनी गेली होती, मराठी गेली होती. शाळेत, बाजारात, चुलीपाशी ऐकून आलेले सगळे शब्द वाहून गेले होते. राहिले होते साचे. वडिलांनी लहानपणी घोकून घेतलेली वजनं तेवढी तळाशी टिकली होती, आणि आपा त्यांच्यावर एकेक शब्द पुन्हा उभा करत होत्या. दिवा हवा तर मिस्बाह. मोरीवर जायचं तर धुवायची जागा, मगसल. जिथं अरबी क्रियापदही आठवायचं नाही, तिथं त्या हाताशी येईल ते घ्यायच्या. एकदा चहाची कपबशी मागताना म्हणाल्या, “मिचयाह.”

गिरिजा आधी समजली. “चायचं हत्यार!” ती ओरडली. “आपा, चायवर साचा लावला तुमी!”

आपांनी तिच्याकडं पाहिलं. त्या हसल्या, अर्ध्या तोंडानं, पण झटक्यानंतर पहिल्यांदा. अरब सोडा, जगात कुणीच हा शब्द कधी उच्चारला नसेल. दोन महिन्यांपूर्वी मी असलं काही केलं असतं, तर तख्ती पुसून पुन्हा लिहायला लावली असती.

गल्लीत मात्र वेगळीच कुजबुज होती. आपांच्या डोक्यात फरक पडला, काहीबाही बोलतात. युसूफभाईंच्याही कानावर ते गेलं. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर टेंपोवर, आणि घरात एक न समजणारी म्हातारी. एका संध्याकाळी आम्ही दोघी असतानाच ते भाभींना म्हणाले, “हैदराबादकू मामू के पास छोड देतूं. वहां बडे डॉक्टर हैं. यहां कौन समजता इनकी बात?”

बाजेवर आपांची मान ताठ झाली होती. सगळं ऐकत होत्या, आणि बोलता येत नव्हतं. एकाएकी त्या डावा हात हलवायला लागल्या. “मतबख,” त्या म्हणाल्या. “मतबख! मतबख!”

“देखो,” युसूफभाई हताश होऊन म्हणाले.

भाभी ताडकन उठल्या. “म बोलेतो जगा होती. मि बोलेतो चीज. मतबख बोलेतो बावर्चीखाना. दूध!” आणि आत पळाल्या.

आतून करपलेल्या दुधाचा वास तोवर आमच्याही नाकात शिरला. भाभी फडक्यात पातेलं धरून बाहेर आल्या, नवऱ्यासमोर ते खाली ठेवलं. सहीपुरतं अक्षर येणाऱ्या भाभींनी तीन आठवडे आपांच्या पायाशी बसून काय कमावलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

“हमना कू बू नै आई,” त्या म्हणाल्या, “इनोकू आई. शानी है मेरी आपा. कहीं जाते नै इनो.”

युसूफभाईंनी पातेल्यात वाकून बघितलं. मग बाजेपाशी जाऊन आपांच्या पायांवर चादर ओढली. हैदराबादचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरिजा मला म्हणाली, “माझ्या अज्जालाबी झटक्यानंतर बोलता येत न्हवतं. पण आमी घरात वचनं म्हणायला लागलो की त्योबी म्हणायचा, सगळं. आपांसमोर ते आपलं पाठांतर म्हणू या का?”

आम्ही चटया उलगडल्या. बाकीच्या मुलींना बोलावलं. आणि ज्या क्रियापदावर आपा आम्हाला सगळी रूपं घोकायला लावायच्या, तेच सुरू केलं. नसर, नसरा, नसरू. त्यानं मदत केली, त्या दोघांनी मदत केली, त्या साऱ्यांनी मदत केली. पहिली फेरी झाली, आपा ऐकत होत्या. दुसऱ्या फेरीला ओठ हलले. तिसऱ्या फेरीत स्त्रीलिंगी रूप आलं, नसरत, तिनं मदत केली, आणि आमच्या आवाजांत एक जाड, घोगरा आवाज मिसळला. आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. थांबलो तर तो आवाज थांबेल अशी भीती वाटत होती. नसरत, नसरता, नसर्न. आपा पुढं निघाल्या, आम्ही मागं. दाराशी पीठ मळायचं सोडून भाभी उभ्या, हातांना पीठ तसंच.

त्या उन्हाळ्यात वर्ग पुन्हा सुरू झाला. आपा रूपं म्हणायच्या, एखाद्या रूपाच्या आधारानं एखादा साधा शब्द धरून बाहेर काढायच्या. इल्मवरून मालूम मिळाला, मालूमच्या मागोमाग एक दिवस अख्खं वाक्य आलं, “मेरेकू मालूम है.” ते त्या दिवसभर सगळ्यांना ऐकवत राहिल्या, दूधवाल्यालासुद्धा. आमच्या चुका त्यांना पूर्वीसारख्याच खटकायच्या. डोळे वटारायच्या, डाव्या हातानं तख्तीवर टकटक करायच्या. स्वतःचे चुकीचे शब्द मात्र त्या आता लपवत नव्हत्या. आम्ही हसलो तर त्याही हसायच्या. मला त्या पूर्वी विद्वान वाटायच्या. त्या उन्हाळ्यात त्या मला शूर वाटल्या, आणि तशी माणसं मी नंतर फार कमी पाहिली.

नावं तेवढी परत आली नाहीत. नावाला साचा नसतो, ते ऐकूनच ठेवावं लागतं, आणि ऐकलेलं तर सगळं गेलं होतं. रोज त्या माझ्याकडं बघून हात पुढं करायच्या. मी माझं नाव सांगायची. त्या बरोबर म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढं.

ईदनंतर माझं लग्न ठरलं, सोलापूरचं स्थळ. निघायच्या आदल्या दिवशी मी आपांकडं गेले. ऊन उतरलं होतं. गिरिजा भाभींना शेंगा फोडू लागत होती. मी बाजेशी बसले, मेंदीचा हात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी नेहमीसारखा हात पुढं केला नाही. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोटानं थांबवलं.

डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला ती धडपड माहीत होती. त्या साचे चाचपत होत्या.

अरबीत लहान, लाडकं करायचंही एक वजन आहे. हसनचा हुसैन होतो, अब्दचा उबैद. फतात म्हणजे तरुण मुलगी, तिची फुतय्या, इवलीशी मुलगी. हे वजन आपांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं. मला ते पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात सापडलं, तेव्हा त्या संध्याकाळी काय झालं ते कळलं.

आपांनी डोळे उघडले. पहिलं अक्षर दोनदा अडलं.

“बु…बु…बुटय्या,” त्या म्हणाल्या.

“काय आपा?”

“बेटी,” त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवलं. मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, चिमूटभर काहीतरी दाखवावं तसं, पुन्हा म्हणाल्या, “बुटय्या.”

आपल्या घरातल्या साध्या बेटी या शब्दावर त्यांनी अरबीचा साचा चढवला होता. बसऱ्याच्या पंडितांनी कान पकडले असते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तोच भाव होता, जो वर्गात “सही” म्हणताना असायचा.

आपा पुढं दोन वर्षं होत्या. गिरिजानं मला एसटीडी बूथवरून फोन करून त्या गेल्याचं कळवलं. शेवटच्या दिवशीही मुली अंगणात पाठांतर करत होत्या, तिनं सांगितलं, आणि आपांनी कुणाचं तरी रूप दुरुस्त केलं होतं.

नर्सिंगच्या मुली सुटल्या. माझ्या बाजूनं हसत, घाईघाईनं निघून गेल्या. लग्नघरात पिठासाठी माझी वाट बघत असतील म्हणून मीही वळले.

मला दोन मुली झाल्या. लाडानं मी त्यांना पुष्कळ नावांनी हाक मारली. आपांनी मला दिलेल्या त्या नावानं कधीच मारली नाही.